छळकाळातील धर्मनिष्ठा : यहुदी धर्मग्रंथ आणि कोलकात्याचे बगदादी यहुदी

प्रश्नाचे स्वरूप

राजसत्तेने धर्माचरणावरच बंदी घातली, तर श्रद्धावंताने काय करावे? प्राण द्यावा, शस्त्र उचलावे, देश सोडावा, की वरवर मान तुकवून घरात आपला धर्म जपावा? यहुदी धर्मग्रंथांत हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि त्याचे उत्तर एकच एक नाही. जुन्या कथांतून अनेक मार्ग दिसतात. पुढच्या काळातील धर्मशास्त्रज्ञांनी त्या मार्गांच्या सीमा आखून दिल्या. भारतातही हा प्रश्न ग्रंथांपुरता राहिला नाही. बगदादमधील जाचाला कंटाळून निघालेल्या यहुदी कुटुंबांनी एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात बस्तान बसवले. कोकणातील बेने इस्राएल समाज आपले मूळच एका धर्मच्छळाशी जोडतो. गोव्यात इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, गुप्तपणे यहुदी धर्म पाळणाऱ्यांना चितेवर चढवले. ग्रंथातील तत्त्व माणसांच्या जगण्यात कसे उतरते, हे या तिन्ही ठिकाणी तपासता येते.

आधारग्रंथ

यहुदी धर्मशास्त्राचा गाभा म्हणजे तनाख. त्याचे तीन भाग आहेत : मोशेच्या पाच ग्रंथांचा तोरा, संदेष्ट्यांच्या ग्रंथांचा नेविईम आणि स्तोत्रे, कथा व सुभाषिते सामावणारा केतुविम. यहुदी गणनेनुसार हे एकूण २४ ग्रंथ होतात. तनाखानंतर मौखिक परंपरेचा क्रम लागतो. इ.स. २०० च्या सुमारास मिश्नाचे संकलन झाले आणि तिच्यावरील शतकानुशतकांच्या चर्चेतून तालमूद सिद्ध झाला. छळाच्या संदर्भात या दोन थरांची कामे वेगळी आहेत. तनाख कथा सांगतो, पण त्या कथेतून सर्वांना लागू पडेल असा नियम क्वचितच काढून देतो. तालमूद तो नियम काढतो, त्याला अपवाद जोडतो आणि कोणत्या परिस्थितीत कोणते वर्तन अपेक्षित आहे ते ठरवतो. दोन्ही थर एकत्र वाचले तरच निष्ठेची यहुदी कल्पना पूर्ण समजते.

राजाज्ञेवरची आज्ञा

तोरामधील अवज्ञेचे पहिले ठळक उदाहरण दोन सुईणींचे आहे. इब्री स्त्रियांना मुलगा झाला की तो तत्काळ मारावा, असा हुकूम इजिप्तचा फारो देतो. शिप्रा आणि पुवा या सुईणी तो पाळत नाहीत. जाब विचारला जातो, तेव्हा इब्री बायका इतक्या सुदृढ की सुईण पोहोचण्याआधीच बाळंत होतात, असे सांगून त्या वेळ मारून नेतात. येथे घोषणा नाही, बंड नाही. देवाचे भय राजाच्या भयापेक्षा मोठे मानल्यामुळे घडलेली शांत अवज्ञा आहे. निर्गम ग्रंथाने या प्रसंगात फारोचे नाव नोंदवलेले नाही, सुईणींची नावे मात्र नोंदवली आहेत. अनुवाद ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात याच वृत्तीला तत्त्वाचे रूप मिळते. संपूर्ण मनाने, जिवाने आणि शक्तीने देवावर प्रेम करावे, अशी तेथील आज्ञा आहे. प्रसंगी प्राण गेला तरी हे प्रेम सोडू नये, असा तिचा अर्थ पुढे तालमूदाने लावला.

दानीएल : ताटापासून सिंहांच्या गुहेपर्यंत

परक्या राज्यात निष्ठा कशी टिकवावी, याचा सर्वांत सुसूत्र विचार दानीएलच्या ग्रंथात आहे. त्यात कसोटी पायरीपायरीने कठीण होत जाते. आरंभी प्रश्न ताटातल्या अन्नाचा असतो. बाबेलच्या दरबारात नेलेले दानीएल आणि त्याचे तीन मित्र राजाघरचे अन्न व द्राक्षारस नाकारतात आणि दहा दिवस शाकान्न व पाणी घेऊन पाहण्याची परवानगी मागतात. पुढे राजा नबुखद्नेस्सर सोन्याची मूर्ती उभारतो. तिला नमन न केल्याबद्दल तिघा मित्रांना धगधगत्या भट्टीत टाकले जाते. आपला देव आपल्याला सोडवू शकतो, पण त्याने सोडवले नाही तरीही आपण या मूर्तीला नमणार नाही, असे ते राजाला बजावतात. निष्ठा सुटकेच्या आशेवर अवलंबून नाही, हा या ग्रंथाचा सर्वांत खोल विचार आहे. अखेरीस दारयावेश राजाच्या काळात तीस दिवस राजाखेरीज कोणाचीही प्रार्थना करू नये असा हुकूम निघतो. दानीएल यरुशलेमच्या दिशेच्या उघड्या खिडकीपाशी नेहमीप्रमाणे दिवसातून तीनदा गुडघे टेकतो आणि त्याला सिंहांच्या गुहेत टाकले जाते. त्याने नवे काही केलेले नसते. रोजचा नेम मोडलेला नसतो, इतकेच.

एस्तेर : लपवलेली आणि उघड केलेली ओळख

एस्तेरचा ग्रंथ दुसऱ्या टोकाचा मार्ग दाखवतो. पारसाच्या राजाची राणी झालेली एस्तेर पालक मर्दखयाच्या सांगण्यावरून आपले कूळ लपवते. मर्दखय स्वतः मात्र वजीर हामानापुढे वाकण्यास उघड नकार देतो. त्या रागातून हामान सर्व यहुद्यांच्या संहाराचे फर्मान काढतो, तेव्हा एस्तेर तीन दिवस उपास करते, बोलावणे नसताना राजापुढे जाते आणि अखेर आपली ओळख सांगते. एकाच घरातील दोन माणसे, एक ओळख लपवणारी आणि एक ती मिरवणारी, आणि ग्रंथ दोघांनाही दोष देत नाही. ओळख लपवणे त्याज्य नाही, पण इतरांचा जीव वाचवण्याची वेळ आली की ती उघड करणे कर्तव्य ठरते. या संपूर्ण ग्रंथात देवाचे नाव एकदाही येत नाही. अदार महिन्यातला पुरीम हा सण याच कथेच्या स्मरणार्थ पाळला जातो.

स्वकीयांकडून छळ

छळणारा नेहमी परका असतो, असे तनाख मानत नाही. राजे ग्रंथातील ईजबेल ही इस्राएलचीच राणी. तिच्या धाकाने संदेष्टा एलीया रानात पळून जातो. त्याच काळात ओबद्या नावाचा राजवाड्याचा कारभारी शंभर संदेष्ट्यांना पन्नास-पन्नासच्या दोन गटांत गुहांत लपवून अन्नपाणी पुरवतो. उघड लढणारा एलीया आणि चाकरी न सोडता जीव वाचवणारा ओबद्या, दोघांनाही कथेत मानाचे स्थान आहे. संदेष्टा यिर्मयाला तर यहुद्याच्याच सरदारांनी चिखलाच्या हौदात सोडले होते. याच यिर्मयाने बाबेलला नेल्या गेलेल्या बंदिवानांना पत्र लिहिले : घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांचे संसार उभे करा आणि ज्या नगरात राहता त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा, असा त्याचा आशय आहे. परभूमीत पाय रोवणे हीदेखील निष्ठाच, हा विचार येथून रुजला. बगदादच्या यहुद्यांनी आपली परंपरा याच बंदिवासाशी जोडली आणि कोलकात्यात ते याच पत्राला साजेसे वागले.

अंतिओखसचा हुकूम

दानीएलच्या ग्रंथामागे एक ऐतिहासिक आघात आहे. इ.स.पू. १६७ मध्ये सेल्युकिड राजा चौथा अंतिओखस एपिफानेस याने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली. सुंता, शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) पाळणे आणि तोराचे ग्रंथ बाळगणे हे गुन्हे ठरले. यरुशलेमच्या मंदिरात परक्या देवतेची पूजा सुरू झाली. दानीएलच्या ग्रंथाचा उत्तरार्ध याच छळाच्या दिवसांत लिहिला गेला, असे आधुनिक अभ्यासक मानतात. म्हणजे बाबेलची जुनी कथा त्या काळच्या वाचकांना धीर देण्यासाठी होती. या बंदीविरुद्ध लढलेल्या मक्काबींच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या ग्रंथात नव्वद वर्षांच्या एलाजाराची हकिकत आहे. डुकराचे मांस खाल्ल्याचे निदान सोंग तरी कर, असे मित्र त्याला सुचवतात. आपल्या सोंगाने तरुण मुले फसतील, म्हणून तो मरण पत्करतो. त्यापाठोपाठ एक आई आणि तिचे सात पुत्र यांच्या हौतात्म्याची कथा येते. मक्काबींचे ग्रंथ तनाखात नाहीत. ते ग्रीक भाषेत टिकले आणि जपले ते ख्रिस्ती परंपरेने. यहुदी समाजाने त्या लढ्याची आठवण हनुक्का या सणाच्या रूपाने ठेवली.

शब्बाथ आणि शस्त्र

त्याच छळात निष्ठेपुढे एक पेच उभा राहिला. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथानुसार रानात आसरा घेतलेल्या यहुद्यांवर शब्बाथच्या दिवशी हल्ला झाला. त्या दिवशी हत्यार धरणे निषिद्ध, म्हणून त्यांनी प्रतिकार केला नाही आणि सुमारे एक हजार माणसे मारली गेली. मोदीन गावचा पुरोहित मत्तथ्या आणि त्याच्या सोबत्यांनी यावर विचार केला. सर्वांनी असेच केले तर शब्बाथ पाळायला कोणी उरणारच नाही, हे ओळखून शब्बाथला स्वसंरक्षण करण्याचा निर्णय त्यांनी घेतला. इ.स.पू. १६४ मध्ये मंदिराची पुन्हा शुद्धी झाली. या निर्णयाचे महत्त्व लढाईतल्या जयापेक्षा मोठे आहे. नियम टिकवायचा असेल, तर नियम पाळणारा माणूस आधी टिकला पाहिजे, हा विचार येथे कृतीत आला आणि पुढच्या सर्व शास्त्रचर्चेचा पाया ठरला.

लोदचा निर्णय

तालमूदाच्या सान्हेद्रीन या भागात एका बैठकीची नोंद आहे. लोद गावातील नित्झा नावाच्या कुटुंबाच्या माडीवर धर्मपंडितांनी मतदान करून ठरवले की, जिवाची धमकी देऊन कोणी एखादा नियम मोडायला लावले, तर माणसाने नियम मोडावा, प्राण देऊ नये. आधार लेवीय ग्रंथाच्या अठराव्या अध्यायाचा : आज्ञा माणसाने त्यांच्यायोगे जगावे म्हणून दिल्या आहेत. याला तीन अपवाद आहेत. मूर्तिपूजा, निषिद्ध शरीरसंबंध आणि मनुष्यहत्या या तिन्हींपुढे मात्र प्राण द्यावा. त्यावर आणखी एक मर्यादा आहे. सत्तेने धर्मच पुसून टाकण्याचा चंग बांधला असेल, किंवा दहा यहुद्यांसमक्ष धर्म मोडायला लावले जात असेल, तर किरकोळ रीतही सोडू नये. यासाठी तालमूदाने दिलेले उदाहरण चपलेच्या बंदाचे आहे. बंद बांधण्याची पद्धत ही वरवर क्षुल्लक गोष्ट. पण ती समाजाला नमवण्याचे साधन झाली की तिचे मोल पालटते. अशा प्रसंगी ठाम राहण्याला किद्दूश हाशेम, म्हणजे ईश्वरनामाचे पवित्रीकरण म्हणतात.

अकीबाचे उदाहरण

इ.स. १३२ ते १३५ या काळात बार कोखबाच्या नेतृत्वाखालील उठाव रोमन सम्राट हाद्रियानाने मोडून काढला आणि यहुदी धर्माचरणावर कडक निर्बंध आले. तालमूदातील परंपरा सांगते की रब्बी अकीबा तरीही जाहीरपणे तोरा शिकवत राहिले. जीव धोक्यात का घालता, असे एकाने विचारले तेव्हा त्यांनी कोल्ह्याची आणि माशांची गोष्ट सांगितली. जाळ्याला भ्यालेल्या माशांना कोल्हा कोरड्या जमिनीवर बोलावतो. पाण्यातच भय असेल, तर पाण्याबाहेर ते किती अधिक असेल, असे मासे त्याला उत्तर देतात. तोरा हे समाजाचे पाणी आहे, असा अकीबांचा आशय होता. पुढे लोखंडी फण्यांनी त्यांचे शरीर विदारले जात असताना त्यांनी अनुवाद ग्रंथातील शमा ही एकेश्वराची घोषणा म्हटली. शमा ही रोजची प्रार्थना आधीपासूनच होती; या प्रसंगाच्या आठवणीने ती मरणसमयीची प्रार्थना म्हणूनही यहुदी जीवनात रुजली.

मैमोनिदेस : देश सोडण्याचा मार्ग

बाराव्या शतकात उत्तर आफ्रिका आणि स्पेनमध्ये अल्मोहाद राजवटीने यहुद्यांना सक्तीने धर्मांतर करायला लावले. कोर्दोबात जन्मलेले मोशे मैमोनिदेस यांचे कुटुंबही त्या राजवटीत परागंदा झाले. केवळ तोंडाने परधर्माचा उच्चार केलेले यहुदी धर्मभ्रष्ट झाले, असा निवाडा एका पंडिताने दिला, तेव्हा मैमोनिदेसांनी पत्ररूप ग्रंथ लिहून त्याचा प्रतिवाद केला. सक्तीने उच्चारलेल्या शब्दांमुळे माणूस समाजाबाहेर जात नाही. त्याने लपून शक्य तितक्या आज्ञा पाळाव्यात. मात्र संधी मिळताच धर्म मोकळेपणाने पाळता येईल अशा ठिकाणी निघून जावे, घरदार आणि मालमत्तेच्या मोहाने रेंगाळू नये, असा त्यांचा निष्कर्ष आहे. जिथे शास्त्राने जगायला सांगितले आहे तिथे मरण पत्करणे हे त्यांच्या मते पुण्य नव्हे. मध्ययुगीन फ्रान्स-जर्मनीतील काही पंडितांचे मत याहून वेगळे होते, त्यांनी अशा हौतात्म्याला मान्यता दिली. हा मतभेद मिटलेला नाही, पण स्थलांतराला धर्मकृत्याचा दर्जा मिळाला, तो या चर्चेमुळे.

बगदादहून हुगळीकाठी

कोलकात्यातील पहिले ज्ञात यहुदी रहिवासी शालोम कोहेन सीरियातील अलेप्पोचे. ते सुरतमार्गे १७९८ मध्ये कोलकात्यात आले, ते व्यापारासाठी. पुढे बगदादचा सुभेदार दाऊद पाशा याच्या १८१७ ते १८३१ या कारकिर्दीत यहुदी पुढाऱ्यांना अटक, खंडणी आणि अपमान सोसावे लागले. अनेक घराणी बाहेर पडली. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईला आले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड सिनेगॉग (यहुदी प्रार्थनामंदिर) आणि पुण्याचे लाल देऊळ ही त्यांचीच देणगी. इतर कुटुंबे कोलकात्याला पोहोचली. दाऊद पाशाच्या जाचाचा हेतू मुख्यतः पैसा उकळण्याचा होता. अंतिओखसासारखी धर्माचरणावर बंदी त्याने घातली नव्हती. म्हणून या स्थलांतराला हौतात्म्याच्या परंपरेत बसवणे बरोबर होणार नाही. व्यापाराची संधी आणि जाचातून सुटका ही दोन्ही कारणे एकत्र होती. मैमोनिदेसांनी सांगितलेला मार्ग मात्र हाच होता : धर्म निर्भयपणे पाळता येईल अशा गावी जावे.

कोलकात्यात उभी राहिलेली व्यवस्था

या समाजाने हुगळीकाठी धर्माच्या संस्था उभारल्या. नेवे शालोम हे पहिले सिनेगॉग. त्यानंतर १८५६ मध्ये पोलॉक स्ट्रीटवर बेथ एल झाले. १८८४ मध्ये एलियास डेव्हिड एझरा यांनी वडील डेव्हिड जोसेफ एझरा यांच्या स्मरणार्थ मागेन दाविद बांधले : लाल विटांची भव्य इमारत, वर घड्याळाचा मनोरा, आत मध्यभागी तोरावाचनाचा चौथरा, वरच्या मजल्यावर स्त्रियांचे सज्जे. १८८१ मध्ये ज्यूइश गर्ल्स स्कूल सुरू झाले. हिब्रू लिपीतील छपाई शहरात १८४० च्या दशकापासून होती. ज्यू-अरबी भाषेतील साप्ताहिकेही निघत. नारकेलडांगा येथे समाजाचे स्वतंत्र दफनस्थान आहे. या यादीला शास्त्राचा आधार आहे. प्रार्थना, शिक्षण आणि ग्रंथ या गोष्टी सत्ताधारी प्रथम तोडतात, हे अंतिओखस आणि हाद्रियान यांच्या काळात दिसले होते. मोकळीक मिळताच समाजाने त्याच गोष्टी आधी पक्क्या केल्या.

स्वयंपाकघरातील निष्ठा

दानीएलची पहिली कसोटी ताटातली होती. कोलकात्यातही रोजची निष्ठा स्वयंपाकघरातच पाळली गेली. तोरानुसार मांस आणि दूध एकत्र शिजवता येत नाही. म्हणून बगदादी घरांत मांसाच्या पदार्थांत तूप, दही वा लोणी पडत नसे. रस्सा दाट करायला नारळाचे दूध कामी आले. कोकणातील बेने इस्राएल घरांतही हीच युक्ती आहे. शब्बाथला चूल पेटवता येत नाही, म्हणून कोंबडी आणि तांदूळ यांचे हमीन शुक्रवारी संध्याकाळपूर्वी मंद आचेवर चढवून रात्रभर शिजत ठेवले जाई. आलू मकल्ला हा या समाजाचा खास कोलकात्यातला पदार्थ : सोललेले अख्खे बटाटे हळद-मिठाच्या पाण्यात किंचित उकडायचे, मग भरपूर तेलात मंद आचेवर, कवच कडक आणि गर मऊ होईतो तळायचे. तेलात तळल्यामुळे ते मांसाबरोबर निःशंक वाढता येत. अनेक घरांतले स्वयंपाकी मुसलमान होते आणि हे सारे नियम त्यांना तोंडपाठ असत. न्यू मार्केटमधील नाहूम ही १९०२ पासूनची बेकरी याच खाद्यपरंपरेची आजवर टिकलेली खूण आहे.

नवगावची परंपरा

महाराष्ट्रातील बेने इस्राएल समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज गलील प्रांतातून निघाले आणि अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर त्यांचे गलबत फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी हे प्रस्थान अंतिओखसाच्या काळाशी जोडले. या समाजाला पूर्वी हनुक्का ठाऊक नव्हता; म्हणजे तो सण सुरू होण्याआधीच पूर्वज निघाले असावेत, असा या मताचा आधार आहे. समकालीन कागदपत्र नसल्याने अभ्यासकांत यावर एकमत नाही. निर्विवाद आहे ते पुढचे : ग्रंथ हरवले, हिब्रू विसरली, तरी सुंता, खवले व पर असलेलेच मासे खाण्याचा नियम, शमाची प्रार्थना आणि शब्बाथ या गोष्टी उरल्या. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून गावकऱ्यांनी त्यांना शनिवार तेली म्हटले. पुरीम होळीच्या सणाच्या नावाने आणि योम किप्पूर दारफाळणीचा सण म्हणून पाळला गेला. १८४६ मध्ये मुंबईत मराठी अनुवादासह हग्गादा (वल्हांडण सणाचा पाठ) छापली गेली आणि इजिप्तमधील सुटकेची कथा घराघरांत मराठीतून वाचली जाऊ लागली.

गोव्यातील गुप्त निष्ठा

१४९७ मध्ये पोर्तुगालने आपल्या यहुद्यांना सक्तीने ख्रिस्ती केले. त्यांच्यातील काही ‘नवख्रिस्ती’ घराणी भारतात आली. वैद्य गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आले. मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होते आणि भारतीय वनौषधींवरील त्यांचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले. ऑर्ता १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांची बहीण कातारिना हिला गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून जाळण्यात आले. १५८० मध्ये ऑर्तांच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या गेल्या. सत्तेला मृताची निष्ठादेखील धोकादायक वाटली. एस्तेरने ओळख लपवली आणि योग्य वेळी उघड केली. ऑर्तांच्या कुटुंबाला ती वेळ कधी मिळालीच नाही. मैमोनिदेस गुप्त आचरणाला तात्पुरता मार्ग का म्हणतात, ते या घराण्याच्या अंतातून कळते.

विसाव्या शतकातील आसरा

दुसऱ्या महायुद्धात कोलकाता स्वतःच आश्रयस्थान झाले. नाझी छळातून निसटलेले काही युरोपीय यहुदी येथे पोहोचले आणि १९४२ मध्ये जपानी आक्रमणामुळे ब्रह्मदेशातील बगदादी कुटुंबेही आली. जून १९४१ मध्ये, शावुओत सणाच्या दिवसांत, बगदादमध्येच यहुद्यांची कत्तल झाली; ती फरहूद नावाने ओळखली जाते. शंभर वर्षांपूर्वी निघालेल्यांचा निर्णय किती खरा होता, याचा तो दारुण पुरावा होता. कोलकात्यात जन्मलेले बगदादी यहुदी जे. एफ. आर. जेकब नाझी अत्याचारांच्या वार्ता ऐकून सैन्यात भरती झाले. पुढे १९७१ च्या युद्धात पूर्व विभागाचे चीफ ऑफ स्टाफ म्हणून ढाक्याच्या शरणागतीच्या वाटाघाटी त्यांनी केल्या. मत्तथ्याने स्वीकारलेला प्रतिकाराचा मार्ग आणि यिर्मयाने सांगितलेली राहत्या भूमीशी बांधिलकी, या दोन्हींचा मेळ त्यांच्या आयुष्यात दिसतो.

दहांची अट

युद्धकाळात काही हजारांवर गेलेली कोलकात्यातील यहुदी वस्ती १९४६ चे दंगे, १९४७ ची फाळणी आणि १९४८ मध्ये झालेली इस्रायलची स्थापना यांनंतर झपाट्याने ओसरली. कुटुंबे ब्रिटन, इस्रायल, ऑस्ट्रेलिया, अमेरिका येथे गेली. आज तीसच्या आत माणसे उरली आहेत. या जाण्यामागे धर्मच्छळ नव्हता, तरी शास्त्रातील एक अट त्यामुळे पूर्ण होईनाशी झाली. सामुदायिक उपासनेला दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि त्यामुळे सिनेगॉगमधील नियमित उपासना थांबली. या दहांचा आणि लोदच्या निर्णयातील दहांचा आधार एकच आहे. ईश्वराचे नाव इस्राएलाच्या समुदायात पवित्र मानले जावे, या लेवीय ग्रंथातील बाविसाव्या अध्यायाच्या आज्ञेवरून दोन्ही नियम काढलेले आहेत. संकटात ठाम राहणे आणि शांततेत एकत्र प्रार्थना करणे ही यहुदी विचारात एकाच कर्तव्याची दोन रूपे आहेत, आणि दोन्हींसाठी समुदाय लागतो.

निष्ठेच्या अटी आणि मर्यादा

या सर्व ग्रंथांतून आणि इतिहासातून एक क्रम स्पष्ट होतो. प्राणार्पण ही यहुदी निष्ठेची अखेरची सीमा आहे, तिचा गाभा नव्हे. गाभा आहे तो रोजच्या आचरणाचा : अन्न, शब्बाथ, प्रार्थना, मुलांचे शिक्षण. तो वाचवण्यासाठी अवज्ञा, लपणे, लढणे आणि स्थलांतर हे सर्व मार्ग शास्त्राने मोकळे ठेवले. दुसऱ्याचा खून करून वा मूर्तीपुढे नमून जीव वाचवण्याचा मार्ग मात्र बंद केला. कोलकात्याचे उदाहरण या क्रमात आणखी एक गोष्ट जोडते. ओडिशातून आलेली मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या येथील सिनेगॉग सांभाळत आली आहेत. ज्यूइश गर्ल्स स्कूलमध्ये आज बहुसंख्य विद्यार्थिनी मुस्लिम आहेत. दुरुस्तीनंतर २०१७ च्या डिसेंबरात सिनेगॉग पुन्हा खुली झाली. धर्म सोडू नये याचा निर्धार अल्पसंख्याकांनी करायचा असतो. त्यासाठी कोणाला प्राण द्यावा लागू नये, ही जबाबदारी बहुसंख्य समाजाची असते. कोलकात्याने ती दोनशे वर्षांहून अधिक काळ पार पाडली, म्हणून अकीबांच्या वाट्याला आलेली कसोटी येथे कोणाच्याही वाट्याला आली नाही.